कोलकासचा बंगला, सिपना नदी आणि बाबांच्या दोन रात्री

चिंचपान

होळीच्या आधीच्या शुक्रवारी बाबांना घेऊन मेळघाटात गेले आणि कोलकासच्या वनविश्रामगृहात दोन रात्री राहून आले. मनात बरंच साठलंय, म्हणून हा धागा.

बाबा १९७५ ते १९८१ धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. घर अचलपूरला. सणावाराला घरी यायचे ते धारणी-परतवाडा एसटीने, आणि वाटेत कोलकास लागायचं. गाडी फाट्याशी थांबली की बाबा खिडकीतून आत जाणारा रस्ता बघायचे. झाडांच्या मागे, नदीच्या दरडीवर बंगला आहे एवढंच माहीत. तो साहेबांचा. इंदिराबाई तिथे राहून गेल्या असं तेव्हा धारणीत जो तो सांगायचा. शाळामास्तरला तिथे जायचं काही कामच नव्हतं.

आम्हा भावंडांना झोपवताना बाबा त्या बंगल्याच्या गोष्टी सांगत. व्हरांड्यातून गवे कसे दिसतात, रात्री वाघ नदी कशी ओलांडतो. ज्याने या गोष्टी सांगितल्या त्याने तो बंगला आतून कधी पाहिलाच नव्हता, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. त्या दिवशीच ठरवलं. बाबा आता ७६ वर्षांचे आहेत.

पुण्याहून रेल्वेने अमरावती, तिथून गाडी करून परतवाडा. परतवाडा सोडलं की घाट सुरू होतो. घटांगला चहा घेतला. पुढे सेमाडोह, आणि तिथून पंधरा-एक किलोमीटरवर कोलकास. सेमाडोहपासूनच सिपना रस्त्याशी लपाछपी खेळायला लागते. फेब्रुवारी संपताना तिला पाणी थोडंच, खडकांच्या मधून वाट काढत जाणारं, पण डोह अजून हिरवे-निळे भरलेले. साग निम्मा उघडा पडला होता आणि त्या भुऱ्या-करड्या डोंगरात मधेच एखादा पळस पेटलेला.

बंगला उंचावर आहे आणि बरोबर त्याच्या पायथ्याशी नदी वळते. जागा ज्याने निवडली त्याला दाद द्यावी लागेल, कारण तिथे खुर्ची टाकून बसलं की नदी येताना दिसते आणि जातानाही दिसते. बाबा गाडीतून उतरले ते थेट कठड्याशी जाऊन उभे राहिले. मी सामान आत ठेवून आले तरी तिथेच. मग म्हणाले, "मी सांगायचो त्यापेक्षा नदी जवळ आहे गं."

त्यांच्या मणक्याचं दुखणं आहे, म्हणून जिप्सीत बसायचं नव्हतं. त्यामुळे आम्ही एकही सफारी केली नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत बसून राहिलो. ज्यांना हे कंटाळवाणं वाटेल त्यांच्यासाठी मुद्दाम तपशिलात लिहिते.

पहाटे सहाला नदीवर धुकं पातळ पसरलेलं. पलीकडच्या काठावर सांबराची मादी पिलासह पाण्यावर आली, प्यायली, मान वर करून पुष्कळ वेळ आमच्याच दिशेने पाहत राहिली. आठच्या सुमाराला वानरांची टोळी. नऊनंतर धीवर पक्ष्यांचं राज्य. काळा-पांढरा कवड्या धीवर डोहावर हवेत एका जागी पंख मारत थांबतो आणि दगडासारखा पाण्यात पडतो. बाबांनी मोजायला सुरुवात केली. अकरा बुड्या, चार मासे. दुपारी सगळं गप्प, फक्त सागाची पानं गळायची. सागाचं वाळकं पान केवढं मोठं आणि कडक असतं, ते पडताना फांद्यांना आपटत येतं आणि प्रत्येक पानाचा आवाज वेगळा ऐकू येतो. म्हणूनच संध्याकाळी पलीकडच्या उतारावर काहीतरी जड चालायला लागलं ते दिसण्याआधी दहा मिनिटं ऐकू आलं. मग एकामागून एक सात गवे बाहेर आले. पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, अंगावर शेवटचं ऊन.

बाबा काही बोलले नाहीत. माझ्या लहानपणच्या गोष्टीत गवे पाचच असायचे.

एक गोष्ट सांगायलाच हवी. शनिवारी संध्याकाळी मुक्कामाला आलेल्या काही तरुण मुलांनी अंगणात स्पीकर लावला. मला राग आला, पण मी उठायच्या आत बाबाच काठी टेकत गेले. म्हणाले, "बाळांनो, त्याच्यामुळे नदी ऐकू येत नाहीये." एवढंच. मुलांनी लगेच बंद केला. थोड्या वेळाने त्यातले दोघे खुर्च्या घेऊन आमच्याजवळ येऊन बसले आणि रातवा पक्ष्याचा आवाज कोणता ते बाबांना विचारत राहिले. अंधार पडल्यावर जमिनीवर कुणीतरी लाकूड ठोकतंय असा जो आवाज येतो, तो त्याचा.

रात्री अडीचच्या सुमाराला भेकर भुंकलं, जवळपास वाघ असावा तसं. एकदा, दोनदा, मग सलग. बाबा जागेच होते. खिडकीतून नदीकडे बघत होते. वाघ दिसला नाही. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

तुमच्यापैकी कोण कोण राहिलंय तिथे? जुन्या दिवसांबद्दल कुणाला काही माहीत असेल तर जरूर लिहा. मी सगळं बाबांना वाचून दाखवणार आहे.

मंजिरी_ठाणे

ताई, सकाळी कामावर जाताना गाडीत वाचलं आणि डोळे भरून आले. काकांना माझा नमस्कार. व्यवस्था कशी आहे तेवढं सांगा. आईला घेऊन जायचा विचार आहे.

चिंचपान

मंजिरी, आरक्षण वनविभागाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन होतं. शनिवार-रविवारचं आधीपासून बघावं लागतं. मुंबईहून रात्रीची अमरावती एक्स्प्रेस सोयीची. पैसे, औषधं, पेट्रोल सगळं परतवाड्यातच करून घे, पुढे भरवसा नाही. माझ्या फोनला तिथे रेंज नव्हती, म्हणून घरी आधीच सांगून ठेव. फेब्रुवारीतही पहाटे स्वेटर आणि कानटोपी लागते. जेवण साधं आणि गरम. आम्हाला पोळ्या, वरण-भात, आलू-वांग्याची भाजी आणि ठेचा मिळाला. बाबांनी दोन्ही दिवस तेच मागून घेतलं. खोल्या नीटनेटक्या आहेत, पण हॉटेलची अपेक्षा ठेवून जाऊ नकोस. आईंना पायऱ्या चढायला त्रास होत असेल तर खोली घेताना तसं विचारून घे.

गवताळ

छान लिहिलंय, पण वेगळं मत मांडतो. मी मेळघाटात तीन वेळा गेलो, पाच सफाऱ्या केल्या आणि वाघाची शेपटीसुद्धा दिसली नाही. ताडोबात पहिल्याच फेरीत दोन वाघ. इतक्या लांब जाऊन फक्त नदी बघायची, हे सगळ्यांना जमेल असं वाटत नाही. मुलं तर कंटाळतातच.

रानवाट

गवताळदादा, तुलनाच चुकते आहे. मेळघाट हा १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. पण ताडोबासारखी तिथे सपाटी आणि तळी नाहीत. सगळा सातपुड्याचा उतार-चढाव, एकात एक अडकलेल्या दऱ्या. मेळघाट हे नावच घाटांच्या मेळावरून पडलंय. हरणांचे मोठे कळप नाहीत, त्यामुळे वाघ विरळ आणि त्याचा वावर फार मोठ्या पट्ट्यात. रस्त्यावरून तो सहज दिसणारच नाही. मी तिथे बुद्ध पौर्णिमेच्या प्राणिगणनेला दोनदा मचाणावर बसलोय. रात्रभर पाणवठ्यावर अस्वल, सायाळ, उदमांजर, एकदा रानकुत्री. वाघ एकदाही नाही, पण सकाळी खाली उतरलो तेव्हा मचाणाखालच्या ओल्या मातीत त्याचा ताजा पंजा होता. तो आम्हाला बघून गेला होता.

आणि पक्षी बघणाऱ्यांसाठी तर मेळघाट म्हणजे रानपिंगळ्याचं घर. हा छोटा घुबडाचा प्रकार १८८४ नंतर कुणाला सापडलाच नव्हता, नामशेष झाला असं धरून चालले होते. १९९७ च्या नोव्हेंबरात तो नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि मग शोध घेतल्यावर मेळघाटात चांगल्या संख्येने निघाला. दिवसाही फिरतो, शेपटी झटकतो. चिंचपान, काकांना विचारा, दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसलेला पिंगळा त्यांनी तेव्हा पाहिला होता का? सगळं जग त्याला संपलेला समजत होतं ते हे दिवस.

वऱ्हाडकर

आमच्या परतवाड्याचं नाव निघालं न् राहवलं नाही. ताई, तुमच्या बाबाइतके नाही पण आमी बी त्या रस्त्यानं लय फिरलो. कोलकासले वनखात्याचे हत्ती राहात. लहानपणी बापानं हत्तीवर बसवलं होतं, खाली सिपना पाहून मी भोकाड पसरलं. तवा शकुंतला रेल्वे चालू होती, अचलपूर ते मूर्तिजापूर. तिकडून अकोला-खंडवा मीटरगेज. धूळघाटापाशी ती गाडी डोंगर चढाले गोल फिरून सोताच्याच रुळावरून जाये. आता शकुंतलाही गेली न् मीटरगेजही गेली. जंगलातून ब्रॉडगेज नाही नेली ते बरंच झालं म्हणा, पण त्या खिडकीतून जे रान दिसे ते पुन्हा दिसणार नाही.

पानगळ

मला नकाशे वाचायची आवड, म्हणून थोडी भर. मेळघाटच्या मुख्य नद्या पाच: खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार. पाचही तापीला मिळतात. म्हणजे काकांनी कोलकासला बघितलेलं पाणी शेवटी सुरतेजवळ समुद्राला जाणार. गंमत म्हणजे डोंगराच्या दुसऱ्या अंगाला चिखलदऱ्याकडून उतरणारी चंद्रभागा पूर्णेला मिळते, आणि पूर्णा मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापीलाच मिळते. डोंगराने दोन बाजूंना वाटून दिलेलं पाणी खानदेशात पुन्हा एकत्र येतं. तापीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांनी हे रान का जपायचं ते नकाशा नुसता उघडला तरी कळतं.

सिपनाकाठ

मी धारणी तालुक्यातला, कोरकू आहे. सध्या नोकरीसाठी नागपूरला असतो. धागा दोनदा वाचला.

चिंचपानताई, तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून मीही मनापासून लिहितो. सिपना हा आमच्या भाषेतला शब्द आहे. सिपना म्हणजे साग. तुम्ही दिवसभर जी सागाची पानं पडताना ऐकलीत, नदीचं नाव तेच आहे. कोरो म्हणजे माणूस आणि कोरकू म्हणजे माणसं. आमची भाषा मराठीच्याही घरातली नाही आणि गोंडीच्याही नाही. तिची नाती पूर्वेला झारखंडात मुंडा लोकांकडे जातात.

बंगल्याबद्दल. तुमच्या बाबांना तो बाहेरून दिसायचा. माझ्या आजोबांना तो आतून दिसायचा, पण मागच्या दाराने. साहेबाचा दौरा लागला की नदीचं पाणी वर चढवायचं, लाकूड फोडायचं, कोंबडी आणायची. मेळघाटातली कितीतरी गावं वनग्राम होती, म्हणजे वनखात्याने कामाला माणसं हवीत म्हणून वसवलेली. जंगल राखायचं, कूप म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे पट्टे तोडायचे, रस्ते करायचे, हे सगळं आमच्या हातांनी झालं. आजोबा त्या व्हरांड्यात कधी बसले नाहीत. झाडू मारला.

मी हे राग म्हणून लिहीत नाही. शांत जागा म्हणून लोक येतात, नदी ऐकतात, ते चांगलंच आहे. पण त्या शांततेत आमची गावंही होती. बोरी, कोहा, कुंड ही पहिली तीन गावं उठली, नंतर वैराट, चुर्णी, आमोना, नागरतास अशी बरीच. जिथे घरं होती तिथे आता गवत आहे आणि गवतावर गवे. तुम्ही बघितलेले सात गवे कदाचित त्यातलेच कुठले असतील.

गवताळ

सिपनाकाठ भाऊ, हे मला खरंच माहीत नव्हतं. पण पुनर्वसन लोकांच्या संमतीने होतं ना? दवाखाना, शाळा, रस्ता मिळतो. आत राहून पोरांचे हाल होत होतेच. १९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी देश हादरला होता. गावं बाहेर आली तर माणसांचंही भलं आणि जंगलाचंही, असं मी समजत होतो.

सिपनाकाठ

गवताळ, प्रश्न प्रामाणिक आहे. काही कुटुंबांचं बरं झालं, ते मी नाकारत नाही. माझा एक मावसभाऊ बाहेर येऊन शिकला, आज तलाठी आहे. पण मिळालेले पैसे संपले, शेती कोरडवाहू निघाली, मोह-तेंदू-डिंक सुटला, आणि काही लोक परत फिरले. जानेवारी २०१९ मध्ये केलपाणीला वनकर्मचारी आणि परतलेले गावकरी यांच्यात मारामारी झाली, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. ती वनरक्षक पोरंही बहुतेक आमच्याच भागातली. दोन्ही बाजूंना आमचेच लोक उभे होते.

बालमृत्यूंचं म्हणाल तर गावं आत होती हे त्याचं कारण नव्हे, दवाखाना आत पोचत नव्हता हे कारण होतं. बैरागडला डॉक्टर रवींद्र कोल्हे आणि स्मिता कोल्हे जाऊन राहिले, तिथेच संसार केला, तेव्हा काय फरक पडतो ते लोकांनी पाहिलं. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि जंगल आमच्या हाती दिलं तर काय होतं तेही बघून या. आपल्याच जिल्ह्यातल्या पायविहीर गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले. उघडा पडलेला डोंगर गावाने राखला, झाडं लावली, आणि तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारात गेली. तिथे कुणी कुणाला उठवलं नाही.

रानवाट

तीस वर्षं वाघांच्या कामात घालवून मी याच्याशी सगळा सहमत नाही. गाभ्यात माणूस-गुरं नसलेला मोठा सलग पट्टा वाघाला लागतोच, आणि गावं उठलेल्या कुरणांवर चितळ-गवे वाढलेले मी स्वतः वर्षानुवर्षं पाहिलेत. पण पायविहीरही पाहिलंय. आणि वनमजूर, हंगामी पहारेकरी म्हणून रात्री-बेरात्री पायी गस्त घालणारे बहुतेक कोरकूच, हे तर कुणीही नाकारू शकणार नाही. मला वाघाचा पहिला पंजा ओळखायला शिकवला तो सेमाडोहच्या एका कोरकू पहारेकऱ्याने. नर की मादी, किती तासांपूर्वीचा, पाण्याकडे निघालेला की पिऊन परतलेला. पुस्तकं मी त्यानंतर वाचली.

मंजिरी_ठाणे

मी विचारलं होतं खोल्यांचं आणि केवढं काही शिकायला मिळालं. आईला घेऊन जाईनच. सिपनाकाठदादा, आम्ही आलो तर कसं वागावं, काय विकत घ्यावं, म्हणजे गावातल्या लोकांच्या हातात चार पैसे पडतील?

सिपनाकाठ

ताई, वाटेत बायका मोहफुलं, मध, कुटकी, कधी जांभळं-बोरं घेऊन बसलेल्या दिसतील. त्यांच्याकडून घ्या, भावात घासाघीस करू नका. गावात शिरून घरांचे, पोरांचे फोटो न विचारता काढू नका. कुठे कोरीव लाकडी फळ्या उभ्या दिसतील, त्यावर घोडा, सूर्य-चंद्र कोरलेले असतात. त्या आमच्या गेलेल्या माणसांच्या आठवणी आहेत. त्यांना हात लावू नका, टेकून उभं राहू नका.

आणि होळीत आलात तर रस्त्यावर बाया दोरी आडवी धरून गाडी थांबवतील, नाचतील, फगवा मागतील. घाबरू नका. वर्षभर आमची माणसं कामासाठी लांब लांब जातात, ती होळीला हमखास घरी येतात. दिवाळीपेक्षा आम्हाला होळी मोठी. दहा-वीस रुपये द्या आणि दोन मिनिटं उतरून बघा.

चिंचपान

तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण सगळे प्रतिसाद छापून बाबांना वाचून दाखवले आणि ते काय म्हणतात ते नीट लिहून घ्यायचं होतं.

रानवाट, दिवसा बसणारा पिंगळा त्यांना आठवतो. शाळेमागच्या सालईच्या झाडावर असायचा, पोरं त्याला दगड मारायची आणि बाबा रागवायचे. तो तोच होता की साधा ठिपकेवाला पिंगळा, हे सांगता येणार नाही म्हणाले. खोटं कशाला बोलू, म्हणाले.

वऱ्हाडकरदादा, शकुंतलेचं नाव ऐकून त्यांनी सगळी स्टेशनं ओळीने म्हणून दाखवली.

सिपनाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचायला सांगितला. तुमच्या आजोबांबद्दलचं वाक्य आलं तेव्हा चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "मी त्या बंगल्याला साहेबाचं घर म्हणायचो. झाडणारा कोण, हे कधी मनातच आलं नाही." त्यांच्या वर्गातली कितीतरी पोरं दौऱ्याच्या दिवशी गैरहजर असायची. हजेरीत ते नुसतं 'गैरहजर' लिहायचे. तो वर्ग त्यांना आता चेहऱ्यांनिशी आठवतोय. परवापासून एकेक नाव आठवून वहीत लिहिताहेत, सतरा झाली आहेत.

मी त्यांना विचारलं, तुम्हाला कोरकू येत होती ना? म्हणाले, पोरांनीच शिकवली, पहिल्या वर्षी मला त्यांचं काही कळायचं नाही आणि त्यांना माझं. पाणी म्हणजे डा. घर म्हणजे उरा. वाघ म्हणजे कूला, अस्वल म्हणजे बाना. गणिताच्या तासाला आधी कोरकूत मोजायचे आणि मग मराठीत. पन्नास वर्षांनी मोजायला बसले: मिया, बारी, आफई, उफून, मोनोय. पाचपर्यंत आले आणि अडकले. काल रात्रभर पुढचा आकडा आठवत होते, आज सकाळी चहाच्या वेळीही तेच. तुम्हाला विचारायला सांगितलंय.

सिपनाकाठ

तुरुई.

सरांना सांगा, पुढचे फोनवर सांगतो. नंबर संपर्कातून पाठवलाय. आणि ती सतरा नावंही विचारायची आहेत. त्यातलं एखादं माझ्या बापाचं असू शकतं.